उत्तरपर्वाची गोडी

महाभारताची पर्वे अठरा, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु सौप्तिकपर्वात रणाची अखेर झाल्यावरही कथा आणखी आठ पर्वे चालते, आणि सर्वांत मोठे जे शांतिपर्व तेही त्या उत्तरार्धातच येते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. कथा ऐकणाराचे मन युद्धापाशीच थबकते. पुढे राज्य कसे चालले, म्हाताऱ्यांचे काय झाले, जिंकलेल्यांस समाधान लाभले की नाही, हे ऐकण्यास सवड लागते आणि थोडे वयही लागते. दूरचित्रवाणीच्या मालिकांचेही असेच आहे. पहिल्या पर्वाचे गोडवे सर्वच गातात. पुढचे पर्व मात्र ‘आता पूर्वीची मजा राहिली नाही’ एवढ्या एका वाक्यात निकालात निघते. प्रस्तुत लेखात आम्ही एका विशिष्ट जातीच्या मालिकांविषयी लिहिण्याचे योजिले आहे: शाळा-कॉलेजातील मुलामुलींच्या जीवनावर रचलेली, मागल्या काळाची आठवण जागवणारी विनोदी मालिका, तिचे उत्तरपर्व, आणि ते घरच्या पडद्यावर सवडीने पाहण्यातील आनंद. विषय करमणुकीचा असला तरी त्यात पालक व पाल्य या दोघांच्याही जिव्हाळ्याचा एक प्रश्न दडलेला आहे, तो शेवटास येईलच.

प्रथम आपल्या वऱ्हाडाचे पाहू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७७ च्या सुमारास त्या केंद्राने चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून चिमणराव व गुंड्याभाऊ यांची मालिका दाखवली, आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ही जोडी मुंबई-पुण्याच्या घराघरांत जाऊन बसली. अमरावती-अकोल्याच्या मंडळींनी मात्र चिमणरावांस पुस्तकातच भेटावे अशी स्थिती होती. याचे कारण साधे आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी प्रकाशकिरणांप्रमाणे बहुतेक सरळ रेषेत जातात, पृथ्वीची पाठ वाकडी आहे, आणि म्हणून मनोरा कितीही उंच केला तरी शेसव्वाशे किलोमीटरांपलीकडे चित्र पोहोचणे कठीण. मुंबईपासून अकोला तर साडेचारशे किलोमीटरांहून दूर.

ही अडचण आकाशातून सुटली. १९८३ साली इन्सॅट-१बी हा उपग्रह सोडण्यात आला. त्याने खाली पाठवलेले चित्र झेलून गावापुरते पसरवणारे लहान प्रक्षेपक देशभर उभे राहू लागले. १९८४ साली तर काही महिने जवळजवळ दिवसाला एक प्रक्षेपक सुरू होत होता. अशाच प्रक्षेपकांच्या द्वारे जिल्ह्याच्या गावी चित्रे उमटू लागली. घरांच्या कौलांवर व गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांची झाडे उगवली, आणि वारा सुटला की मुलाने वर चढून ती फिरवावी व आईने खालून ‘आलं, आलं, गेलं!’ म्हणून ओरडावे, हा नित्याचा पाठ झाला. त्या पिढीतील मुले आज आपल्या विद्यार्थ्यांची आईबाप आहेत.

या पिढीच्या आठवणीत जी मराठी बालमालिका घर करून राहिली ती १९९० च्या आसपासची ‘गोट्या’ होय. तिचे दिग्दर्शक राजदत्त हे आपल्या वऱ्हाडातील धामणगावचे, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट वाटते. त्यांचे मूळ नाव दत्तात्रय अंबादास मायाळू. राजा परांजपे हे त्यांचे गुरू. गुरूच्या नावातला ‘राजा’ व स्वतःच्या नावातला ‘दत्त’ जोडून त्यांनी चित्रपटसृष्टीत ‘राजदत्त’ हे नाव घेतले. २०२४ साली त्यांस पद्मभूषण हा किताब जाहीर झाला. मालिकेची मूळ कथा मात्र ना. धों. ताम्हनकर (१८९३–१९६१) यांची, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच्या काळातली. आईबापांवाचून वाढणारा, खोड्या करणारा, पण खोटे न बोलणारा असा हा गोट्या आजोबांनी पुस्तकात वाचला, त्यांच्या मुलांनी दूरदर्शनवर पाहिला. एकाच मुलाने दोन पिढ्यांशी दोस्ती केली.

येथे ‘आठवण जागवणारी मालिका’ म्हणजे काय हे स्पष्ट होते. अशी मालिका ज्या काळी तयार होते त्या काळाची नसते; ती वीस, तीस, पन्नास वर्षे मागे पाहते. १९८७ साली दूरदर्शनने दाखवलेली शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ ही याच जातीची. तिच्यातील स्वामीनाथन हा आर. के. नारायण यांच्या १९३५ सालच्या कादंबरीतला मुलगा. तो शिकतो ती अल्बर्ट मिशन स्कूल. म्हणजे आपल्यासारख्याच मिशनरी शाळेतला तो विद्यार्थी. त्याची परीक्षेची धास्ती, क्रिकेटची हौस, मास्तरांचे भय व आजीची माया ही सर्व आमच्या विद्यार्थ्यांस ओळखीची वाटतील. शंकर नाग कर्नाटकाचे खरे, परंतु मुंबईच्या मराठी रंगभूमीवर त्यांनी उमेदवारी केली होती. त्या मालिकेतील वडील झालेले गिरीश कर्नाड यांचा जन्म तर माथेरानचा.

अमेरिकेत या जातीची प्रसिद्ध मालिका ‘हॅपी डेज’ ही होय. ती १९७४ साली सुरू झाली आणि १९८४ पर्यंत अकरा पर्वे चालली. तिच्यातील काळ १९५० च्या दशकातला, गाव मिलवॉकी, आणि नायक रिची कनिंगहॅम हा शाळकरी मुलगा. साधेसुधे आईबाप, धाकटी बहीण, चार मित्र, आणि कातडी जाकीट घालणारा, शाळा सोडलेला फॉन्झी हा मोटारसायकलस्वार, एवढ्या मंडळींच्या बळावर ही मालिका अवघ्या देशाची लाडकी झाली. आम्ही ती मागाहून, तबकड्यांवर पाहिली. तिच्या पाचव्या पर्वाविषयी पुढे लिहावयाचे आहे. तत्पूर्वी ही तबकडी म्हणजे काय, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो.

घरी चित्र साठवण्याचे पहिले लोकप्रिय साधन म्हणजे व्हिडिओ कॅसेट. तिच्यातील जपानी व्हीएचएस पद्धत १९७६ साली निघाली. अर्धा इंच रुंदीच्या पट्टीवर लोहचुंबकी कणांचा लेप असतो. चित्रातील माहिती इतकी विपुल असते की ती टिपण्यास पट्टी प्रचंड वेगाने पळवावी लागेल. ते टाळण्यासाठी पट्टी सावकाश नेतात व चुंबकी डोके बसवलेला दंडगोल मात्र गरगर फिरवतात. त्यामुळे पट्टीवर तिरप्या रेषांत चित्र उमटते. आमच्याकडे १९८० च्या दशकात व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणण्याची चाल होती. आळीतील चार घरांनी वर्गणी काढावी, अंगणात सतरंज्या पडाव्यात, आणि भाडे वसूल व्हावे म्हणून एका रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहून पहाटे सर्वांनी लाल डोळ्यांनी उठावे! परंतु कॅसेट ही नाजूक वस्तू. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. त्यात तिचे प्लास्टिक वाकडे होई, व पावसाळ्यात पट्टीस बुरशी धरे. व्हीसीआर तयार करणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या फुनाईने २०१६ साली ते काम थांबवले.

त्यानंतर बारा सेंटिमीटर व्यासाची तबकडी आली. तिच्यावर सूक्ष्म खळग्यांची एक लांबच लांब सर्पिल वाट असते आणि लेझर किरण त्या वाटेवरून फिरून खळगा आहे की नाही एवढेच वाचतो. यंत्र स्पर्श करीत नसल्यामुळे तबकडी झिजत नाही. १९९३ सालच्या व्हीसीडीवर सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटांचे चित्र मावत असे, म्हणजे मालिकेचे जेमतेम तीन भाग. पुढे डीव्हीडी आली. तिचा आकार तोच. परंतु वाटेच्या दोन वेढ्यांमधील अंतर १.६ मायक्रॉनवरून ०.७४ मायक्रॉनवर आले, खळगेही लहान झाले, आणि त्याच वर्तुळात सातपट माहिती बसू लागली. तेव्हापासून एक अख्खे पर्व तीनचार तबकड्यांच्या डबीत घरी येऊ लागले. आता तर आंतरजालावरून तबकडीवाचूनही मालिका पाहता येतात. तथापि डबीचा एक गुण उरतोच: ती आपल्या कपाटात राहते, कोणी वरून काढून घेत नाही.

हे म्हणणे पोकळ नाही. लंडनच्या बीबीसीने १९६० व १९७० च्या दशकांत महागड्या पट्ट्या पुन्हा वापरता याव्यात म्हणून कित्येक जुने कार्यक्रम पुसून टाकले, व त्यांतले काही पुढे प्रेक्षकांनी घरी जपलेल्या ध्वनिमुद्रणांवरून व दूरदेशी सापडलेल्या प्रतींवरून परत मिळवावे लागले. दुसरीही एक मौज आहे. ‘हॅपी डेज’चे पहिले पर्व २००४ साली डीव्हीडीवर आले ते मूळ गाण्यांसह, दुसऱ्या पर्वात मात्र हक्कांच्या खर्चापायी गाणी बदलण्यात आली. म्हणजे घरी आलेली वस्तू मूळ प्रक्षेपणाशी तंतोतंत जुळते असे समजू नये. पाचवे व सहावे पर्व तर २०१४ पर्यंत डबीत बसण्यासाठी खोळंबून राहिले होते.

आता उत्तरपर्वाकडे वळू. पुढचे पर्व लोकांस नावडते होते याची कारणे तीन दिसतात. पहिले, कल्पना आटतात आणि मग लेखक चमत्कारांकडे धावतो. दुसरे, माणसे बदलतात: कोणी नट सोडून जातो, कोणी कर्ताच निवर्ततो. तिसरे कारण प्रेक्षकाच्या पोटात असते. तो स्वतः बदललेला असतो, पण मालिकेने बदलू नये अशी त्याची इच्छा असते.

पहिल्या कारणाचे जगप्रसिद्ध उदाहरण ‘हॅपी डेज’च्या पाचव्या पर्वातले. २० सप्टेंबर १९७७ रोजी दाखवलेल्या भागात फॉन्झी अंगात कातडी जाकीट तसेच ठेवून पाण्यावरच्या फळ्यांवर उभा राहतो व समुद्रातील शार्क माशावरून उडी मारतो. मिलवॉकीच्या घरातल्या गोड गोष्टी सोडून हे काय आरंभले, असे पुष्कळांस वाटले. पुढे १९८५ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातील काही मित्रांनी गप्पांच्या ओघात ‘शार्कवरून उडी मारणे’ असा वाक्प्रचारच काढला, आणि चांगली चाललेली गोष्ट ज्या क्षणी घसरणीस लागते त्या क्षणास तो इंग्रजीत रूढ झाला. आपल्याकडे ‘ताळतंत्र सुटले’ म्हणतात, त्यातलाच प्रकार.

परंतु वाचकहो, आठवड्याला एक भाग पाहून रागावणे वेगळे व संपूर्ण पर्व घरी क्रमाने पाहणे वेगळे. तबकडीवर त्या बदनाम भागाच्या लगेच पुढचा भाग लावावा. तो एका आठवड्याने, २७ सप्टेंबर १९७७ रोजी, प्रथम दाखवला गेला. त्यात हाच उडाणटप्पू फॉन्झी सार्वजनिक वाचनालयाचा सभासद होतो. पुस्तके म्हणजे केवळ हुशार मुलांचीच मिरास नव्हे, हे तो सहज दाखवून देतो. आम्हांस तर हा प्रसंग शार्कवरच्या उडीपेक्षा अधिक धाडसाचा वाटला. कारण फॉन्झीचे काम करणारे नट हेन्री विंकलर यांस स्वतःस लहानपणापासून वाचनाची जन्मजात अडचण होती. अक्षरे त्यांच्या डोळ्यांपुढे जुळत नसत. घरी व शाळेत त्यांस आळशी व मठ्ठ समजले गेले. ही अडचण डिस्लेक्सिया नावाची आहे हे त्यांस वयाच्या एकतिसाव्या वर्षी उमगले. पुढे त्याच गृहस्थांनी लिन ऑलिव्हर यांच्या साहाय्याने हँक झिपझर नावाच्या, वाचताना अडखळणाऱ्या मुलाच्या गोष्टींची पुस्तकमाला लिहिली. आपल्या वर्गातही असा एखादा हँक मागच्या बाकावर बसलेला असू शकेल. त्यास मठ्ठ म्हणण्यापूर्वी पालकांनी व आम्हीही क्षणभर थांबावे.

याच पर्वात, फेब्रुवारी १९७८ मध्ये, रॉबिन विल्यम्स हा तरुण नट परग्रहावरील पाहुणा होऊन आला आणि त्यातून त्याच वर्षी एक निराळी मालिका जन्मास आली. ज्या पर्वावर घसरणीचा शिक्का बसला ते वर्षाच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. तात्पर्य, एका उडीवरून सगळ्या पर्वाची पारख करणे म्हणजे एका विषयाच्या गुणांवरून मुलाची पारख करण्यासारखे आहे.

दुसऱ्या कारणाची उदाहरणे आपल्या देशातली आहेत. शंकर नाग १९९० साली अपघातात वारले. ‘मालगुडी डेज’चे उत्तरपर्व २००६ साली कविता लंकेश यांनी दिग्दर्शित केले. ते पाहू लागले की पहिल्याने सर्वच परके वाटते; गाव तेच, पण पाहणारा डोळा दुसरा. परंतु दोनतीन भागांनंतर ध्यानी येते की नारायणांच्या गोष्टी एका दिग्दर्शकाच्या मालकीच्या नाहीत, जसा कीर्तनातला पूर्वरंग एका बुवांच्या मालकीचा नसतो. मराठीतही असाच एक प्रयोग झाला. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका २०१५ साली सुरू झाली: घर सोडून मुंबईत आलेले सहा तरुण-तरुणी ‘माजघर’ नावाच्या एकाच घरात राहतात, भांडतात, एकमेकांस सांभाळतात. २०१७ साली तिचे पुढचे रूप ‘दिल दोस्ती दोबारा’ म्हणून आले. नट तेच सहा, पण पात्रे व कथा सर्वस्वी नवी. जुनी मंडळी भेटतील या आशेने बसलेल्या प्रेक्षकास तेच चेहरे निराळ्या नावांनी बोलताना पाहून चुकल्यासारखे झाले. आमचा सल्ला असा की, ही दोन्ही रूपे घरी लागोपाठ पाहावीत. तोच नट दोन स्वभाव कसे उभे करतो हे पाहणे म्हणजे अभिनयकलेचा पाठच होय, आणि स्नेहसंमेलनात काम करणाऱ्या मुलांस तो फार उपयोगी पडेल.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. किशोरांची मालिका लांबली की किशोर मोठे होतात. ते टळत नाही. ‘हॅपी डेज’मध्ये आरंभी रिचीस चक नावाचा थोरला भाऊ होता. दुसऱ्या पर्वानंतर तो कोणी काही न बोलता दिसेनासा झाला, आणि आईबाप जणू तो कधी नव्हताच असे वागू लागले! लेखकाच्या सोयीसाठी घरातले एक माणूस पुसले गेले. परंतु १९८० साली, सात पर्वांनंतर, खुद्द रिचीचे काम करणारे रॉन हॉवर्ड दिग्दर्शक होण्यासाठी निघून गेले, तेव्हा असे पुसणे शक्य नव्हते. कथेत रिची सैन्यात दाखल झाला असे दाखवले गेले. त्याची पत्रे येतात, त्याचा उल्लेख होतो. घर चालूच राहते. मालिका त्यानंतर आणखी चार वर्षे चालली. पुष्कळ प्रेक्षक म्हणतात की तेथे ती संपावयास हवी होती.

आम्हांस तसे वाटत नाही. वऱ्हाडातील किती घरांची स्थिती अशीच आहे! दहावी-बारावी झाली की मुलगा पुण्यास जातो, मुलगी नागपुरास वा मुंबईस जाते. अमरावतीच्या व बडनेऱ्याच्या फलाटावर जून-जुलैत ट्रंका, गाद्या व डब्यांची रास पडते. गाडी सुटते, आईबाप घरी येतात, आणि ताटे चारऐवजी तीन मांडतात. पहिले पर्व संपलेले असते. आता या घरात पाहण्याजोगे काही उरले नाही असे म्हणावयाचे काय? छे! दुसरे पर्व चालू झालेले असते. धाकटी मुलगी, जिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, ती आता बोलू लागते. बाप स्वयंपाकघरात डोकावतो. दूर गेलेला मुलगा फोनवर आईस वरणाची फोडणी विचारतो. ही हकिकत पहिल्या पर्वाइतकी धावपळीची नसेल, परंतु ती आपली आहे.

या दृष्टीने उत्तरपर्व घरी एकत्र बसून पाहणे ही निव्वळ करमणूक राहत नाही. त्यासाठी आमच्या दोनचार सूचना आहेत. एका बैठकीस दोनच भाग पाहावेत. डबीत सगळे आहे म्हणून सगळेच एका रात्रीत संपवू नये, कारण भाड्याच्या व्हीसीआरची घाई आता कोणासही नाही. पालकांनी ‘आमच्या वेळी असे होते’ एवढे सांगून थांबू नये. आमच्या वेळी काय वाईट होते तेही सांगावे. जुन्या काळावरच्या मालिका त्या काळाचा केर झाडून दाखवतात. मिलवॉकीच्या त्या सुखी घराबाहेर त्याच दशकात कृष्णवर्णीय मुलांस गोऱ्यांच्या शाळेत बसता यावे म्हणून झगडा चालू होता; १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास त्याविषयी निकाल द्यावा लागला. आपल्याकडेही आजोबांच्या शाळेच्या आठवणी सांगताना तेव्हा किती मुली वर्गात होत्या, कोणाची मुले शाळेबाहेर राहिली, हे मुलांनी विचारावे व आजोबांनी खरे सांगावे. आणि तबकडी अस्सल घ्यावी. चोरून उतरवलेल्या प्रतीने ज्यांच्या श्रमावर आपण हसतो त्यांच्याच पोटावर पाय येतो.

मुलांनो, तुमच्यापैकी दहावीचा वर्ग यंदा शाळा सोडून जाईल. तुमचे येथील पर्व संपेल आणि तुम्हांस वाटेल की खरी मजा मागे राहिली. पालकहो, तुम्हांसही तसेच वाटेल. युधिष्ठिरासही रण जिंकल्यावर तसेच वाटले होते. पण त्यास ऐकण्याजोगे जे होते ते त्यापुढेच आले.